चित्रं काढून घ्या

सोलापुरात माणूस साठीच्या पुढे गेला आणि त्याच्या नावावर थोडंफार काम असलं, की त्याला सत्कारापासून कोणी वाचवू शकत नाही. प्रभाबाईंची तर अख्खी हयात शाळेत चित्रकला शिकवण्यात गेलेली. शुक्रवार पेठेतल्या त्यांच्या घरी कपाटाचा खालचा कप्पा सत्कारात मिळालेल्या चादरींनी गच्च भरला होता. चादरी उत्तम होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती भाषणांबद्दल. दरवेळी कोणीतरी उठायचा, त्यांचं नाव चुकवायचा, त्यांच्या छंदाला 'आगळावेगळा' म्हणायचा आणि मग अर्धा तास स्वतःबद्दल बोलायचा.

छंद म्हणाल तर होता तसा आगळा. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. प्रभाबाई सत्तावन्नच्या स्वातंत्र्ययुद्धाची जुनी सचित्र पुस्तकं जमवायच्या. नुसत्या मजकुराच्या पुस्तकाकडे त्या ढुंकून बघत नसत. चित्रं हवीत, तीही जुन्या हातांनी काढलेली. पुस्तक हाती आलं की घोडा कसा उभा केलाय, तलवार धरलेल्या मुठीत अंगठा कुठे आहे, धूर नुसत्या रेघांनी कसा दाखवलाय, हे आधी बघायच्या. रद्दीवाल्यांकडून, बंद पडलेल्या वाचनालयांतून, कोणाकोणाच्या माळ्यावरून त्यांनी ही पुस्तकं गोळा केली होती. पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून, वेखंडाची पुरचुंडी घालून ती ठेवलेली असत. मोबाईलवर फोटो काढायलाही सगळ्यांना बंदी. फ्लॅशनं कागद मरतो, असं त्या म्हणायच्या, आणि त्यांच्याशी वाद घालायची कोणाची टाप नव्हती.

या सगळ्यांत एक पुस्तक राजा होतं. शिळाछापाचं, म्हणजे दगडावरून छापलेलं, आडवं, इंग्रज सरकारनं जप्त केलेलं. त्याची दुसरी प्रत कुठे असल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. ते त्यांना मिळालं सीमेलगतच्या मैंदर्गीत, शरणप्पांकडे. शरणप्पा धान्याचे व्यापारी. घरात बोलणं कानडी, दुकानात मराठी. त्यांच्या आजोबांनी पोलिसांच्या डोळ्यांत धूळ फेकायला हे पुस्तक कानडी पंचांगाच्या पुठ्ठ्यात शिवून टाकलं होतं, आणि ते तसंच देवघरात राहिलं.

"पुण्याचा एक जण येऊन गेला बघा," शरणप्पा म्हणाले होते. "म्हणाला, पुस्तक फोडू, एकेक चित्र वेगळं विकू, लई भाव येतोय. मी म्हटलं, आजानं जपलं ते मी फोडू व्हय? आमाला काय ह्यातलं वाचायला येत न्हाय, आमी चित्रं बघतो. तुमी न्या, बाई. पैसा नको. पण फोडू नका."

"माझ्या हातून यातलं एक पानसुद्धा वेगळं व्हायचं नाही," प्रभाबाईंनी शब्द दिला होता. त्यानंतर जिथे जातील तिथे त्या पुण्याच्या विक्रेत्याचा उद्धार करायच्या. पुस्तक फोडणाऱ्याला त्या खाटीक म्हणत, आणि ते बोलताना त्यांचा आवाज असा काही चढे, की समोरच्याला आपणच ते केलंय असं वाटायचं.

तर असं ते पुस्तक त्यांनी हृषीकेशला दिलं. कसं दिलं हे त्यांचं त्यांनाच पुढे कळेना. हृषीकेश त्यांचाच विद्यार्थी. आता बारावीचे क्लास चालवतो, आणि उरलेल्या वेळात एक स्वातंत्र्य स्मृती मंच. पंधरा ऑगस्टच्या निमित्तानं मुलांची चित्रकला स्पर्धा घ्यायची, मुलांनी त्या पुस्तकातली चित्रं बघून काढायची, असं त्यानं सांगितलं. आणि वर म्हणाला, "बाई, यंदा सत्काराला शाल नाही, चादर नाही. चित्रांच्या फ्रेम करून देऊ. कशी वाटते कल्पना?"

मुलं शिळाछापाच्या रेघा गिरवतायत, हे दृश्य डोळ्यांपुढे आलं आणि बाई विरघळल्या. "छान आहे की. ने पुस्तक," त्या म्हणाल्या. "चित्रं काढून घ्या आणि मला आठवड्यात परत आणून दे. पान दुमडायचं नाही, चहा जवळ ठेवायचा नाही." हृषीकेशनं सगळ्याला मान डोलावली. पोरगा शाळेतही असाच मान डोलवायचा.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. सत्कारमूर्तींत एक डॉक्टर होते, एक बिल्डर, एक मुख्याध्यापिका, असे बरेच जण. आणि मुख्य पाहुणे सांगोल्याचे डाळिंब निर्यातदार शिवराजशेठ. त्यांना पुढे दुसरा कार्यक्रम होता, म्हणून त्यांचा सत्कार सगळ्यांत आधी उरकून त्यांची गाडी निघूनही गेली. मग एकेकाचं नाव पुकारलं जाऊ लागलं. प्रभाबाईंना 'दुर्मीळ ग्रंथांच्या संग्राहिका' म्हणून बोलावलं. त्यांच्या हातात चकचकीत कागदात बांधलेली फ्रेम ठेवली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. खुर्चीवर येऊन बसल्यावर त्यांनी कागद सोडला.

आत किल्ल्याच्या बुरुजावरून उडी घेणारा घोडेस्वार होता. पहिल्यांदा त्यांच्या मनात आलं, कोणत्या मुलानं केलीय ही नक्कल! काय हात आहे! घोड्याच्या मानेच्या रेघा तर हुबेहूब. त्यांनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि चित्र डोळ्यांजवळ धरलं. कागदाच्या डाव्या कडेला सुईची भोकं होती, ओळीनं, शिवणीची.

त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मुख्याध्यापिकांचं नाव पुकारलं जात होतं. प्रभाबाई उठल्या, स्टेजवर चढल्या आणि निवेदकाच्या हातातून माईक घेतला.

"हृषीकेश, इकडे ये. हे काय आहे?"

हृषीकेश हसत पुढे आला. त्याला वाटलं, बाई भारावल्या. "बाई, तुमच्याच पुस्तकातलं चित्र! सगळ्यांना एकेक दिलंय. ओरिजिनल!"

"आणि पुस्तक?"

"आहे की ऑफिसात. कव्हर अगदी जसंच्या तसं आहे, बाई. काही काळजी करू नका."

कव्हर! जसंच्या तसं! प्रभाबाईंनी फ्रेम त्याच्या नाकासमोर धरली. "पानं कोणी फाडली?"

"फाडली नाहीत हो," हृषीकेश दुखावल्या आवाजात म्हणाला. "विरेश फ्रेमवाल्यानं पट्टी लावून, ब्लेडनं, एकदम सरळ कापलीत. तुम्हीच म्हणालात की, चित्रं काढून घ्या. आमची स्पर्धा रद्द झाली, मुलांच्या चाचण्या होत्या. म्हटलं, निदान फ्रेम तरी करू."

"काढून म्हणजे काढून! पेन्सिलनं!" प्रभाबाई ओरडल्या, आणि माईक हातातच होता म्हणून ते पार बाहेरच्या चहावाल्यापर्यंत ऐकू गेलं. "मी चित्रकलेची बाई आहे. चित्र काढा म्हटल्यावर आजवर एकाही मुलानं ब्लेड बाहेर काढलं नाही रे!"

सभागृहात कोणीतरी हसलं. बाईंना त्या हसण्याचा जेवढा राग आला त्याहून जास्त राग त्या शब्दाचा आला. मेला शब्दच तसला. व्याकरणात हृषीकेशची काडीची चूक नव्हती. फुलं काढ म्हटलं तर तो फुलं खुडेल, दात काढ म्हटलं तर हसेल, आणि चित्रं काढ म्हटल्यावर त्यानं ब्लेड शोधलं, तर शब्दकोश त्याच्याच बाजूनं उभा राहील. पण माणसाला डोकं असतं ना? शंभर वर्षांहून जुनं पुस्तक हातात धरल्यावर एकदा विचारावंसं वाटू नये? साधा एक फोन?

"ज्यांना ज्यांना फ्रेम मिळाल्यात," त्या म्हणाल्या, "त्यांनी त्या इथे टेबलावर आणून ठेवा. हे माझं पुस्तक आहे. ते फोडायचं नाही असा मी शब्द दिलाय."

डॉक्टर सगळ्यांत आधी उठले आणि फ्रेम ठेवून गेले. भला माणूस. बिल्डर म्हणाला, "अहो, आमच्या हिनं भिंत ठरवलीय आधीच." प्रभाबाई खाली उतरल्या आणि त्याच्या मांडीवरची फ्रेम उचलून घेऊन आल्या. निवेदक 'आपण थोडा चहा घेऊ या' असं पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. चहा कोणीच घेतला नाही. बघता बघता टेबलावर फ्रेमांची चळत लागली, आणि शिवराजशेठची तेवढी फ्रेम सांगोल्याला गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभाबाईंनी सगळी पानं फ्रेममधून सोडवून पलंगावर ओळीनं मांडली. विरेशनं खरंच सरळ कापली होती, चिकटवलेलंही काही नव्हतं. चांगला बांधणीवाला मिळाला तर पुन्हा शिवता आली असती. पण मध्ये एका पानाची जागा रिकामी होती. चढाईच्या चित्रानंतरची आणि शेवटच्या चित्राआधीची. तीन शिपायांना फाशी देतात ते चित्र. त्या जागेकडे बघून त्यांचं पित्त पुन्हा खवळलं. शरणप्पांना काय सांगायचं? सगळं आहे, फाशी तेवढी सांगोल्याला आहे, असं सांगायचं?

त्यांनी हृषीकेशला बोलावून घेतलं आणि समोर बसवून शिवराजशेठला फोन लावायला लावला.

"बाई, तुमचा मान हाय मला," शिवराजशेठ म्हणाले. आवाज चांगला, मोकळा होता. "पण सत्काराची वस्तू माघारी कशी देऊ? सांगोल्यात समद्यांनी बघितलीय. उद्या लोकं म्हणतील, शिवराजचा सत्कार रद्द झाला. माझं काय ऱ्हायलं मग?"

"तुमचं काय राहायचं आहे? पान माझं आहे. चुकून कापलंय."

"चूक कोणाची? माझी न्हाय की. मला स्टेजवर बोलावून दिलंय. माघारी देणं म्हंजे अपमान हाय, बाई. देणाऱ्याचाबी आणि घेणाऱ्याचाबी." मग थोडं थांबून ते म्हणाले, "पर एक करता येईल. मी तुमाला भेट देतो. आमच्या पॅकहाऊसवर छोटा कार्यक्रम करू. तुमचा सत्कार करतो, आन् सत्कारात तीच फ्रेम देतो. म्हंजे माघारी दिल्यासारखं होत न्हाय."

प्रभाबाईंनी फोन हृषीकेशच्या अंगावरच टाकला. "माझंच पान मला भेट! आणि वर मी मान तुकवून घ्यायचं! यांना लाज वाटत नाही?"

"बाई, पाच मिनिटांचा प्रश्न आहे," हृषीकेश म्हणाला. "फोटो काढतील आणि देतील."

"तू तर काढणं हा शब्द माझ्यापुढे उच्चारूच नकोस."

दिवसभर त्या घरात धुमसत फिरल्या. पोलिसांत जावं असं वाटलं. मग पोलीस काय विचारतील तेही डोळ्यांपुढे आलं: चोरी झाली का? नाही, मीच दिलं. बळजबरी झाली का? नाही, मीच म्हणाले, काढून घ्या. संध्याकाळी त्या पुन्हा पलंगापाशी आल्या. रिकामी जागा तिथेच होती. शेवटी पानासाठी, आणि शरणप्पांना दिलेल्या शब्दासाठी, त्यांनी हो म्हटलं. हो म्हणताना त्यांना स्वतःचीच चीड आली.

रविवारी हृषीकेशच्या गाडीतून त्या सांगोल्याला गेल्या. वाटेत मंगळवेढ्याला त्यानं चहाचं विचारलं, तर त्यांनी खिडकीची काच वर केली. पॅकहाऊस म्हणजे पत्र्याची मोठी शेड. एका बाजूला डाळिंबांचे ढीग आणि ती निवडणाऱ्या बायका, दुसऱ्या बाजूला खुर्च्या मांडलेल्या. मागे फ्लेक्स: 'दुर्मीळ ऐतिहासिक चित्र भेट सोहळा'. त्यावर शिवराजशेठचा फोटो भलामोठा, हात जोडलेला. कोपऱ्यात प्रभाबाईंचा, पेन्शनच्या कागदांवरचा, आणि खाली नाव 'श्रीमती प्रभावतीबाई'. त्यांनी हृषीकेशकडे नुसतं बघितलं. तो फ्लेक्सकडे बघायचं टाळून डाळिंबं बघू लागला.

शिवराजशेठ बोलले. ते मनापासून बोलले, हेच जास्त चीड आणणारं होतं. "प्रभावतीबाईंना जुन्या चित्रांची लई आवड हाय. म्हणून माझ्या घरात लावलेलं, मला लई प्यारं असलेलं चित्र मी आज त्यांना देतोय. आपल्याकडं ठिवून काय करायचं? ज्याला कदर हाय त्याच्याकडं असावं." टाळ्या पडल्या. प्रभाबाईंच्या खांद्यांवर शाल आली, हातात नारळ आला, आणि मग सागवानी फ्रेम. फोटोवाला "हसा बाई, हसा" म्हणत होता. बाई हसल्या नाहीत. तो फोटो तसाच छापून आला.

"आता बाई दोन शब्द बोलतील," निवेदक म्हणाला.

बाईंनी नारळ खुर्चीवर ठेवला. फ्रेम टेबलावर पालथी घातली. डाळिंबं निवडणाऱ्या बाईजवळची सुरी मागून घेतली आणि सगळ्यांदेखत मागचे खिळे वाकवले. पुठ्ठा निघाला, पान सुटून हातात आलं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, की पान इतर पानांपेक्षा आखूड आहे.

"हृषीकेश," त्या म्हणाल्या. "खालची ओळ कुठे आहे?"

"कुठली ओळ, बाई?"

"चित्राखाली ओळ होती. छापलेली. तिघांची नावं होती तिथे."

हृषीकेशनं पान हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सरळ केलं. "मुख्य पाहुण्यांची फ्रेम वेगळी होती ना, बाई. तयार घेतलेली. त्यात बसत नव्हतं. विरेश म्हणाला, चित्राला धक्का लागत नाही, खालचं थोडं कापू. मी म्हटलं, काप."

"कापलेलं कुठे आहे?"

"केरात गेलं असेल. आठवडा झाला, बाई."

प्रभाबाईंनी माईक ओढून घेतला. "दोन शब्द हवेत ना? ऐका. हे चित्र शिवराजशेठनी मला भेट दिलेलं नाही. हे माझ्या पुस्तकातलं पान आहे. यांनी ते कापलं, तुम्ही ते भिंतीवर लावलं, आणि आज मला शाल घालून परत दिलं. आणि हा फ्लेक्स! माझं नाव प्रभा आहे, प्रभावती नाही. पण माझं राहू द्या. या तिघांना इंग्रजांनी झाडाला लटकवलं. चित्रकारानं जीव ओतून त्यांचे चेहरे काढले आणि खाली त्यांची नावं लिहिली, कारण दुसरीकडे कुठे ती लिहिलेली नव्हती. सरकारला पुस्तक जाळता आलं नाही. देवघरात लपवून ते माणसांनी वाचवलं. आणि तुम्ही, आपल्या माणसांनी, ती नावं कापून केरात टाकलीत! का, तर फ्रेममध्ये बसत नाहीत! फ्रेम मोठी आणायची सोडून नावं कापलीत! लाज वाटली पाहिजे. सगळ्यांना लाज वाटली पाहिजे."

शिवराजशेठ मान खाली घालून उभे होते. हृषीकेशचे डोळे भरले होते, आणि प्रभाबाईंना त्याची मुळीच कीव आली नाही.

मागे डाळिंबांच्या ढिगापाशी एक बाई हात पदराला पुसत उभी राहिली. "व्हय बाई," ती म्हणाली. "बरोबर बोललात. पर काय नावं हुती वो त्यांची?"

"सांगते," प्रभाबाई म्हणाल्या. त्यांनी पान उंच धरलं आणि बोट ठेवलं. "हा डावीकडचा, धोंडी रामोशी. मान ताठ आहे बघा याची. मधला हसन जमादार. आणि हा..."

बोट तिसऱ्या माणसावर होतं. तरुण पोरगा. त्याच्या सदऱ्याची प्रत्येक चुणी त्यांना पाठ होती. दोरीचा पीळ कसा दाखवलाय, कानामागे सावलीच्या रेघा किती हलक्या आहेत, पायाची बोटं जमिनीकडे कशी ताणली आहेत, सगळं त्यांना डोळे मिटून काढता आलं असतं. इतकी वर्षं त्यांनी ते पान उघडलं होतं, आणि दरवेळी त्याच्या चेहऱ्यापाशी थांबल्या होत्या. खालच्या ओळीतलं तिसरं नाव तीन अक्षरी होतं, की चार? त्या आठवू लागल्या. पान आणखी जवळ धरलं. कापलेल्या कडेवर काहीच नव्हतं.

"आणि हा..." त्या पुन्हा म्हणाल्या.

सगळे वाट बघत राहिले. माईकमधून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग शिवराजशेठना वाटलं, भाषण संपलं. त्यांनी हळूच टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि ते बघून सगळ्यांनीच वाजवल्या.